बाबांची पद्मिनी, साल १९८७ : आतून सगळी उसवलीय, कुठून हात घालू?

सातारी_कंदी | ९ मार्च, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसता वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

बाबांनी १९८७ साली नवी घेतलेली प्रीमियर पद्मिनी साताऱ्याच्या घरी शेडमध्ये पाच वर्षं झाकून उभी होती. गेल्या महिन्यात ओढून पुण्याला आणली. इंजिनाने लाज राखली. कार्बोरेटर साफ केला, बॅटरी नवी टाकली, तिसऱ्या सेल्फला चालू. हँडल गिअर (स्टिअरिंगखालच्या दांड्याचा) आहे, तेही चारही पडतात. प्रश्न आतला आहे.

पुढची लांब सीट ड्रायव्हरच्या बाजूला फाटून काथ्या बाहेर आलाय. चारही दारांचे पॅड खालच्या बाजूला फुगून पापडासारखे वाकलेत. सीलिंगचं रेक्झिन मागच्या काचेपाशी उसवून लोंबतंय, मागे बसलेल्याच्या डोक्याला लागतं. आणि गाडीत एक वास आहे. कुबट, ओल्या गोणपाटासारखा.

एका कुशनवाल्याने सगळं उपटून नवं करायचे ३८ हजार सांगितले. पुढे दोन सुट्या बकेट सीट, बेज रंग, 'लेदर फिनिश'. मला ते पटतही नाही आणि नाही म्हणायला कारणही सुचत नाही.

आणखी एक वाद घरात चालू आहे. मूळ सीट माझ्या आठवणीत चॉकलेटी. आई म्हणते लाल होत्या. आता जे आहे त्याला रंग म्हणवत नाही. फोटो जोडलेत.

मीटरडाऊन | ९ मार्च, रात्री ११:१५

पहिलं सांगतो, बकेट सीट लावू नका. हँडल गिअरच्या गाडीत पुढची सीट सलग असते त्याला कारण आहे, मधे गिअरचा दांडा नाही म्हणून तिथे माणूस बसतो. आमच्या घरी दोन टॅक्सी होत्या, दोन्ही पद्मिनी. गणपतीला पुढच्या सीटवर आम्ही चार पोरं आणि वडील. बकेट लावलीत की गाडी ना जुनी राहत ना नवी होत.

काच, रबर, हँडल, वायपर असलं काही हवं असेल तर कुर्ल्याला सीएसटी रोडच्या भंगारवाल्यांकडे एक फेरी मारा. पण आता पूर्वीसारखा माल नाही. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस संपली. टॅक्सी मोडीत निघत होत्या तोवर सामान वाहत होतं. आता जे आहे ते राखून ठेवा, उपटून फेकू नका.

खटपट्या | १० मार्च, सकाळी ७:०५

फोटो पाहिले. कंदी, तुमचा प्रश्नच उलटा आहे. सीट, पॅड, सीलिंग हे सगळं नंतर. आधी पाणी कुठून येतंय ते शोधा.

दाराचे पॅड *खालून* फुगलेत ना? वरून नाही. हा उन्हाचा मार नाही, पाण्याचा आहे. काचेच्या कडेने पावसाचं पाणी दाराच्या पोटात उतरतं, हे प्रत्येक गाडीत होतं, अगदी नव्यातही. ते खालच्या भोकांतून निघून जाणं अपेक्षित असतं. आतल्या बाजूला पॅडच्या मागे प्लास्टिकचा कागद लावलेला असतो, तो पॅडला पाण्यापासून वाचवतो. कुणीतरी कधीतरी काचेची मशीन दुरुस्त करायला पॅड काढला, कागद फाडला आणि 'काय फरक पडतो' म्हणून तसाच पॅड ठोकला. मूळ पॅड म्हणजे हार्डबोर्डवर रेक्झिन. हार्डबोर्ड हा शेवटी लाकडाचा लगदा, तो पाणी पिणारच.

वासाचं उत्तर मॅटच्या खाली आहे. मॅट आणि त्याखालचा नमदा (जाड फेल्टचा थर) आजच काढा. नमदा ओला लागला तर पत्रा तपासा. पेचकसाच्या दांडीने ठोकून बघा. टण्ण आवाज आला तर बरं. भद्द आला तर आधी डेंटर, मग कुशनवाला.

संत्रानगरी | १० मार्च, सकाळी ९:३०

खटपट्याभाऊंशी सहमत. फक्त एक भर घालतो. पत्र्याला वेल्डिंग करायचं ठरलं तर आतलं सगळं सामान *बाहेर* काढूनच करा. सीट, नमदा, पॅड, सगळं. आमच्याकडे एकाने मागची सीट तशीच ठेवून खाली वेल्डिंग करवलं. ठिणगी काथ्यात जाऊन बसली. काथ्या भडकत नाही, आतल्या आत धुमसत राहतो. संध्याकाळी गॅरेज बंद करून घरी गेले, रात्री दोनला शेजाऱ्यांनी धूर पाहिला. बॅटरीची तार पण काढून ठेवा.

सातारी_कंदी | १५ मार्च, दुपारी ४:२०

खटपट्या, तुमच्या तोंडात साखर पडो असं म्हणणार होतो, पण बातमी वाईट आहे. नमदा पिळला तर पाणी निघेल इतका ओला. ड्रायव्हरच्या पायाखाली पेचकस आरपार गेला. हाताच्या पंजाएवढं भोक. बाकी ठिकाणी वरवरचा गंज आहे.

दाराच्या खालच्या भोकांत तार घातली तर चिखल, सुकलेली पानं आणि एका दारातून चक्क रबराचा गोळा निघाला. चारही दारांत प्लास्टिक कागद नावालाही नाही.

पण खरी गंमत पुढे आहे. डोअर पॅड काढताना काच फिरवायच्या हँडलमागची वाटी निघाली. तिच्याखाली रुपयाएवढा गोल भाग, त्यावर ३८ वर्षांत ऊनच पडलेलं नाही. रंग लाल. म्हणजे अगदी कुंकू नाही, पिकलेल्या करवंदाकडे झुकणारा, पण लालच. आईला फोटो पाठवला. तिने उत्तरात फक्त अंगठा पाठवला.

रापण | १५ मार्च, संध्याकाळी ६:००

काकूंना माझाही अंगठा सांगा.

रंग जुळवायला तो तुकडाच घेऊन जा, फोटो नको. आणि दुकानातल्या ट्यूबलाइटखाली पाहू नका, दाराबाहेर उन्हात या.

उद्यमनगर | १५ मार्च, रात्री ८:४५

भावा, हँडल काढताना काय केलंस ते पण लिही की, लोकं पक्कड लावून वाकडी करतात. वाटी आत दाबून बॅटरी मारून बघायचं. कुठं आडवी पिन असती, ती बारीक पंचानं ठोकून निघती. कुठं घोड्याच्या नालेसारखी क्लिप असती. क्लिप असली तर मागनं एक चिंधी सरकवायची आणि बूट पुसल्यासारखी इकडं-तिकडं ओढायची, क्लिप टप्पदिशी उडती. दुसरा हात आडवा धरायचा, नाहीतर क्लिप कुठं गेली ते ब्रह्मदेवाला पण सापडत नाही.

पत्र्याचं मी करतो म्हटलं असतं पण कोल्हापूर लांब पडतंय तुला. डेंटरला एवढंच सांग : भोकावर नुसता ठिगळ नको, सडकं कापून काढ, चांगल्या पत्र्यापर्यंत जा, मग नवा तुकडा जोड. तारेचा ब्रश, मग प्रायमर. वरनं आणि *खालनं पण*. खालनं कोण बघत नाही म्हणून तिथंच सोडतात.

लांबचा_पाहुणा | १६ मार्च, पहाटे २:१०

इथे मिशिगनमध्ये बसून वाचतोय आणि हेवा करतोय. आमच्याकडे रस्त्यावर मीठ टाकतात, ३८ वर्षं जुन्या गाडीच्या तळाला फक्त एक भोक म्हणजे लोक पेढे वाटतील.

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. माझ्याकडे २००१ ची एक गाडी आहे. नाव सांगत नाही, नाहीतर धागा 'ती कंपनीच तसली'कडे वळेल. तिचं छत लोंबतंय. पद्मिनीसारखं शिवलेलं नाही, पुठ्ठ्यासारख्या साच्यावर कापड चिकटवलेलं. मी दोनदा स्प्रे ग्लू मारला, दोन्ही वेळा महिन्याभरात परत खाली. काय चुकतंय?

पॉलिमरवाला | १६ मार्च, सकाळी १०:३०

पाहुणे, तुमचा ग्लू चुकत नाहीये, तुम्ही तो भुशाला लावताय.

त्या कापडाच्या पाठीला पातळ फोमचा थर असतो, पॉलीयुरेथेनचा. कापड दिसायला मऊ वाटतं ते त्यामुळे. हवेतली ओल आणि छतापाशी साठणारी उष्णता या दोघांनी वर्षानुवर्षं त्याचे रेणू तुटत जातात आणि फोमची अक्षरशः पूड होते. बोट फिरवा, पिवळट-नारिंगी भुकटी हाताला लागेल. मूळ गोंद साच्याला घट्ट चिकटलेलाच असतो. कापडही शाबूत असतं. दोघांच्या मधला दुवा मेलेला असतो. तुम्ही वरून कितीही ग्लू मारा, तो पुडीला चिकटतो आणि पूड कुणालाच चिकटत नाही.

उपाय एकच. साचा बाहेर काढा, सगळी भुकटी मऊ ब्रशने खरवडून काढा (मास्क लावून, अंगणात), फोम लावलेलं *नवं* कापड आणा. जुनं कापड परत वापरायचा मोह टाळा. गोंद उष्णता सोसणारा कॉन्टॅक्ट प्रकारचा. दोन्ही बाजूंना लावायचा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं आणि मग मधोमध टेकवून कडेकडे दाबत जायचं. घाई केली तर आत द्रावक अडकतो आणि फोड येतात.

कंदी, आता तुमच्याकडे वळतो. तुमच्या गाडीत मुख्यतः पीव्हीसी रेक्झिन आहे, त्याची गोष्ट वेगळी. पीव्हीसी मुळात कडक. पाण्याचा पाइप आठवा. त्यात मऊपणासाठी तेलासारखा पदार्थ मिसळला की रेक्झिन होतं. उन्हात तापलेल्या बंद गाडीत तो हळूहळू उडून जातो. काचेला आतून जो धुरकट, तेलकट थर येतो त्यात त्याचा मोठा वाटा असतो. तो गेला की रेक्झिन कडक होतं, मग चिरतं. वरून क्रीम चोळून तो परत आत जात नाही. चकाकी येते, मऊपणा येत नाही. म्हणून जिथे नुसतं मळलंय ते साबणाच्या कोमट पाण्याने धुवा आणि ठेवा. जिथे वाळल्या पानासारखं कुरकुरतंय ते बदला. मधलं काही नाही.

शिवाय एक विनंती. काम होईपर्यंत सिलिकॉनचं कुठलंही पॉलिश गाडीत मारू नका. त्यावर ना गोंद बसत ना रंग.

(जाता जाता : 'रेक्झिन' हे मुळात इंग्लंडमधल्या मँचेस्टरजवळच्या हाइड गावच्या कंपनीचं व्यापारी नाव. त्यांचं कापड सेल्युलोज नायट्रेटचा लेप दिलेलं होतं. आपण ज्याला रेक्झिन म्हणतो ते पूर्ण वेगळं रसायन, नाव तेवढं उरलं.)

संत्रानगरी | १६ मार्च, सकाळी ११:००

गोंदाबद्दल डोळे झाकून अनुमोदन. आमच्या इथे मे महिन्यात पारा ४५ ला जाते, बंद गाडीच्या टपाखाली किती होत असेल विचार करा. साधं सोल्यूशन लोण्यासारखं पातळ होते. फेविकॉलचं हीटएक्स नावाचं येते, ते वापरलं तेव्हापासून दोन उन्हाळे निघाले. गरीब बिचाऱ्या एसआर ९९८ ला शिव्या देऊ नका, ते फर्निचरसाठी छान आहे.

लांबचा_पाहुणा | १६ मार्च, संध्याकाळी ५:५०

बोट फिरवलं. नारिंगी पूड. दोन ग्लूचे डबे आणि एक रविवार वाया. धन्यवाद पॉलिमरवाले.

शिवणकला | १७ मार्च, दुपारी १:१५

मी बावीस वर्षं शिवणकाम करते, त्यातली सहा सोफा आणि गाड्यांच्या सीटचं. कुशनच्या टपऱ्यांवर चांगले हात असतात, पण घाई असते. समोर उभं राहून काय मागायचं ते सांगते.

जुनं कव्हर फाडू देऊ नका. *उसवायला* सांगा. उसवण्याआधी प्रत्येक शिवणीवर खडूने वीतभर अंतरावर आडव्या रेघा मारायच्या, म्हणजे नवे तुकडे जोडताना रेघेला रेघ मिळते. प्रत्येक तुकड्यामागे पेनाने 'पुढची पाठ, डावी' असं लिहायचं. तोच तुमचा फर्मा. फक्त लक्षात ठेवा, ड्रायव्हर बसून बसून तो तुकडा ताणलेला असतो. त्यामुळे ड्रायव्हरच्या बाजूचा फर्मा घेऊ नका, पॅसेंजरच्या बाजूचा उलटा करून घ्या.

रेक्झिनचा पन्हा ५४ इंच असतो. पद्मिनीच्या दोन्ही लांब सीट आणि चार पॅड यांना मी बारा मीटर सांगेन, वर एक मीटर राखून. तोच रंग पुढच्या वर्षी मिळत नाही. पाठीला विणलेलं कापड असलेलं घ्या. पांढऱ्या पातळ जाळीचं स्वस्त असतं, पण शिवणीवर टिकत नाही.

दोरा सुती नको, पॉलिस्टरचा जाड. सुती दोरा दोन पावसाळ्यांत कुजतो. आणि टाका मोठा. चार-पाच मिलीमीटरचा. लोकांना वाटतं बारीक टाका म्हणजे मजबूत. कापडात असेल, रेक्झिनमध्ये उलट. जवळजवळ भोकं पाडली की ते पोस्टाच्या तिकिटासारखं त्याच रेषेवर फाटतं. शिवणीवर गोट घाला, आत दोरी घालून. पद्मिनीला तो शोभतोही आणि शिवणीवरचा ताणही घेतो.

मागची सीट फोटोत चांगली दिसते. एका कोपऱ्यात दोन इंचाची चीर आहे ना? तिच्यासाठी सगळं कव्हर बदलू नका. चिरेतून आत मांजरपाटाचा तुकडा सरकवा, लवचिक गोंद लावा, कडा जुळवून वर वजन ठेवा. फेव्हिक्विक अजिबात नको. ते काचेसारखं कडक होतं, बसलं की बाजूने नवीन चीर पडते.

सातारी_कंदी | १७ मार्च, रात्री ९:००

ताई, हे छापून टपरीवर घेऊन जाणार आहे.

रापण | १७ मार्च, रात्री ९:२०

वाखु (वाचनखूण) साठवली. काथ्याबद्दल माझं थोडं भांडण आहे. सगळे म्हणतात काथ्या काढा, फोम टाका. आमच्या कोकणात चार महिने बुरशीचे असतात. फोम पाणी धरून ठेवतो आणि सुकता सुकत नाही. काथ्यातून वारा खेळतो. माझ्या काकांच्या जुन्या गाडीत अजून स्प्रिंगवर गोणपाट, त्यावर काथ्या, त्यावर पिंजलेला कापूस असंच आहे, आणि सीट ऑगस्टमध्येही ओलसर लागत नाही. उंदरांना मात्र तो फार आवडतो, हे कबूल. एका वर्षी बाळंतपणच झालं होतं तिथे.

खटपट्या | १७ मार्च, रात्री १०:१०

रापण, बरोबर. मधला मार्ग म्हणजे स्प्रिंग आणि काथ्या ठेवायचा, दबलेल्या जागी नवा काथ्या भरायचा आणि वर फक्त इंचभर फोम. पण फोम दाट घनतेचा घ्या. दुकानात अंगठ्याने दाबून लगेच तळ लागला तर तो गादीचा आहे, गाडीचा नाही.

डोअर पॅडसाठी काय वापरणार? इथे मारामाऱ्या होणार आहेत, पॉपकॉर्न घेऊन बसतो.

उद्यमनगर | १८ मार्च, सकाळी ८:००

एसीपी. म्हणजे दुकानांच्या पाट्यांना लावतात तो ॲल्युमिनियमचा पॅनल. बोर्डाच्या दुकानात तुकडे मिळत्यात. पाणी पीत नाही, वाकत नाही. विषय संपला.

मीटरडाऊन | १८ मार्च, सकाळी ८:४०

आणि खड्ड्यात गाडी गेली की चारही दारं ताशा वाजवतात. एसीपीने आमच्या टॅक्सीत प्रवासी विचारायचे, डबे नेताय का.

खटपट्या | १८ मार्च, सकाळी ९:००

झालं सुरू. माझं मत : तीन मिलीमीटरचा हार्डबोर्डच, पण नीट केलेला. जुन्या पॅडचा फर्मा ठेवून कापा, क्लिपची भोकं त्याच जागी पाडा. मग दोन्ही बाजूंना आणि *विशेषतः कडांना* ऑइलपेंटचे दोन हात. मूळ बोर्ड कडेनेच पाणी प्यायला. एमडीएफ मात्र चुकूनही नको, तो बिस्किटासारखा फुगतो. मरीन प्लायही चालेल, पण तीन मिलीमीटरचा सरळ तुकडा मिळवणं हीच एक साधना आहे.

आणि पॅड चढवायच्या आधी दाराला जाड प्लास्टिक कागद. त्याची खालची कडा दाराच्या *आत* वळवायची, बाहेर नाही. म्हणजे ओघळलेला थेंब दाराच्या पोटात जातो, पॅडवर नाही. शंभर रुपयांचा कागद, त्याच्यावाचून चार पॅड गेले तुमचे.

उद्यमनगर | १८ मार्च, सकाळी ९:१०

मागं फेल्ट चिकटवला की वाजत नाही. टॅक्सीवाले कंजूष, फेल्टचे पैसे वाचवले.

मीटरडाऊन | १८ मार्च, सकाळी ९:१२

हे मात्र खरं आहे 😄

सातारी_कंदी | ६ एप्रिल, सकाळी ११:३०

प्रगती पुस्तक.

पत्रा झाला. सडकं कापून नवा तुकडा, वरून-खालून प्रायमर, मी स्वतः गाडीखाली आडवा होऊन पाहिलं. नमदा नवा. हार्डबोर्ड घेतला (उद्यमनगर, माफी असावी). रेक्झिन तीन दुकानं फिरून नाना पेठेत मिळालं, मीटरला ४२० रुपये. तंतोतंत तोच लाल नाही, पण उन्हात आईच्या हातात दोन्ही तुकडे दिले तर तिला क्षणभर विचार करावा लागला. तेवढं मला पुरे.

सीट आणि पॅड शिवायला दिले. कारागिराने ताईंची यादी वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, 'बाईमाणसाने लिहिलंय ना? बरोबर आहे सगळं.'

आता सीलिंग राहिलं. ते मी घरी करू का? यूट्यूबवर तर सोपं दिसतं.

मीटरडाऊन | ६ एप्रिल, दुपारी १२:००

नका करू.

खटपट्या | ६ एप्रिल, दुपारी १२:२०

नका करू, आणि का ते सांगतो. पद्मिनीचं सीलिंग चिकटवलेलं नाही, *टांगलेलं* आहे. रेक्झिनच्या मागे आडव्या पट्ट्या शिवून बोगदे केलेले असतात, त्यांतून तारेच्या कमानी जातात आणि कमानींची टोकं दोन्ही बाजूंना पत्र्यातल्या भोकांत अडकतात. कडा मात्र पत्र्याला चिकटवून पुढच्या-मागच्या काचेच्या रबराखाली दाबलेल्या असतात. म्हणजे सीलिंग नीट करायचं तर दोन्ही काचा उतरवायला हव्यात. काच न काढता कडा रबरात कोंबून देतो म्हणणारा भेटेल. तो स्वस्त पडतो आणि सहा महिन्यांत निघतो.

तुम्ही करवून घेताना तीन गोष्टी बघा. प्रत्येक कमानीचा बाक वेगळा असतो, काढतानाच त्यांना पुढून मागे आकडे घाला. मधल्या दिव्याची वायर ओढून घेण्याआधी तिला सुतळी बांधून ठेवा, नाहीतर परत ओवता येत नाही. आणि काम भर दुपारी करा. रेक्झिन आधी तासभर उन्हात ठेवायचं, गरम असताना ते हवं तसं ताणतं. आधी पुढे-मागे ताण, मग बाजूंना, कडा कपड्याच्या चिमट्यांनी धरून. एकदम चिकटवत सुटलं तर मधे सुरकुती येते आणि ती जन्मभर डोळ्यांसमोर राहते.

काच बसवताना रबराच्या खाचेत दोरी घालतात, साबणाचं पाणी लावतात आणि एक जण बाहेरून दाबतो तेव्हा दुसरा आतून दोरी ओढत जातो. ओठ उलटा फिरून पत्र्यावर बसतो. बघायला फार सुंदर असतं. बघा, पण करू नका. आणि रबर नवं टाका. जुनं कडक झालेलं रबर परत लावलंत तर तुमच्या पायाखालचं पाणी परत येईल.

मीटरडाऊन | ६ एप्रिल, दुपारी १:०५

रंगाचं काय करताय? मुंबईत आम्ही सीलिंगला फुलाफुलांचं रेक्झिन मारायचो. गुलाब, मोर, काही विचारू नका. आमच्या एका गाडीत छताला द्राक्षांचे घोस होते.

सातारी_कंदी | ६ एप्रिल, दुपारी १:३०

मोह होतोय, पण आई घरात घेणार नाही. मोतिया रंगाचं, बारीक भोकांचं मिळालंय, जुन्यासारखंच.

सातारी_कंदी | ११ मे, रात्री ८:१५

धागा वर काढतोय. गाडी घरी आली. सीलिंग कारागिराकडून करवलं, दोन्ही काचा उतरवून. एक सुरकुती आहे, मागे डावीकडे, तिच्यावर मी प्रेम करायचं ठरवलंय. सगळ्याचे मिळून २९ हजार झाले, पत्र्यासकट. मागची सीट मूळचीच आहे, फक्त धुतली आणि मांजरपाटाचं ठिगळ मारलं. धुतल्यावर तीही लालसर निघाली. म्हणजे माझा चॉकलेटी हा निव्वळ मळ होता.

पण एक घोळ झाला. फोम इंचभर सांगितला होता, कारागिराने 'साहेब, मऊ बसेल' म्हणून अडीच इंच टाकला. मी बसलो तर मांड्या स्टिअरिंगला घासतात. आई शेजारी बसली तर तिचे पाय जमिनीला टेकेनात. ती पाच मिनिटं तशीच बसली, पाय हलवत, आणि म्हणाली, 'छान आहे रे, पण मी इथे बसायचे तेव्हा मला रस्ता काचेच्या मधोमध दिसायचा. आता टपच दिसतो.'

शिवणकला | ११ मे, रात्री ९:००

काकूंनी माप अचूक सांगितलं बघा. कव्हर खालून कड्यांनी अडकवलेलं असेल, शिवलेलं नसेल. खालच्या कड्या सोडा, पुढची बाजू उलटा, फोम ब्रेडच्या सुरीने आडवा कापा. दीड इंच काढा. कव्हर सैल पडेल, पण दोन कड्या एकेक घर आत घेतल्या की बसेल. ते नाही जमलं तर मागच्या शिवणीतून अर्धा इंच आत घ्यायला सांगा, पैसे घेऊ नये त्याने.

खटपट्या | ११ मे, रात्री ९:३०

आणि पावसाआधी पाण्याची परीक्षा घ्या. खाली वर्तमानपत्रं अंथरा, एकाने आत बसा, बाहेरून पाइपने पाणी. खालून वर या, थेट टपावर मारू नका, नाहीतर कुठून आलं ते कळत नाही. आधी दारं, मग क्वार्टर ग्लास (दाराच्या कोपऱ्यातली छोटी तिकोनी काच), मग पुढची काच. प्रत्येकाला दहा मिनिटं.

सातारी_कंदी | १४ जून, सकाळी ७:५०

दीड इंच काढला. सुरी आईची, त्यामुळे नवी आणून द्यावी लागली. आता पाय टेकतात.

काल रात्री पहिला मोठा पाऊस झाला आणि मी आळसामुळे ती पाण्याची परीक्षा घेतलीच नव्हती, म्हणून सकाळी धावत जाऊन पाहिलं. चारही पॅड कोरडे. दारांच्या खालच्या भोकांतून पाणी टपटप बाहेर पडत होतं, मी उकिडवा बसून पाहत राहिलो. मागच्या बाजूचा नमदा कोरडा, ड्रायव्हरच्या पायाखालचाही कोरडा. फक्त पुढे डावीकडे, क्वार्टर ग्लासच्या खाली, तळहाताएवढा ओला डाग. रबर चिरलंय. पुण्यात दोन ठिकाणी विचारलं, उजवीकडचं मिळतं, डावीकडचं नाही. कुणाकडे आहे का?

मीटरडाऊन | १४ जून, सकाळी ८:०५

डावीकडचंच आहे, गाडी विकली तेव्हा काढून ठेवलेलं. वापरलेलं आहे पण मऊ आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, पत्ता पाठवा. तोवर पुढच्या सीटवर उजवीकडे सरकून बसायला सांगा काकूंना, जागा आहे.